हाराखालचा दांडा

पत्रक लिहायचं तर पहिल्या ओळीत आरोपी पाहिजे, असं मला आमच्या समितीत शिकवलं गेलं. दुसऱ्या ओळीत मागणी, तिसरीत इशारा, शेवटी सभा कुठं आणि कधी. गेली काही वर्षं मी अकोल्यात हेच करते. कामगारांची पत्रकं लिहिते, छापून आणते आणि एमआयडीसीच्या फाटकांवर उभी राहून वाटते. पण गणोरकर मॅडमबद्दल लिहायला बसलं की पहिली ओळच अडते. आरोपी कोण हे मला चांगलं माहीत आहे. मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी मात्र वेगळं नाव सांगितलं, आणि खाली सही केली. म्हणून हे पत्रक नाही.

त्या मला पहिल्यांदा भेटल्या त्या पत्रकामुळेच. एका तेल कारखान्याच्या फाटकावर मी ‘मृत्यूचा कारखाना!!!’ वाटत होते. कारखान्याचं नाव इथं देत नाही, प्रकरण अजून चालू आहे. सरकीतून घाण्यानं निघतं तेवढं तेल काढून झालं की उरलेलं तिथं हेक्झेन घालून काढतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ समजा, वास जरा सौम्य, राग तेवढाच. दुपारची पाळी सुटली होती, पोरं पत्रक घेऊन त्यावर शेंगदाणे ठेवून खात होती. एक बुटक्या बाई फाटकातून आल्या. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पुरुषांचे सेफ्टी बूट, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट अंबाड्यावर बसत नसल्यामुळे सतत एका बाजूला कललेलं. त्यांनी पत्रक घेतलं, उन्हात उभं राहून पूर्ण वाचलं, अंबाड्यातून पेन्सिल उपसली आणि माझ्यासमोर खाडाखोड सुरू केली.

“हे तीन उद्गारचिन्हं कायले?”

“लोकांचं लक्ष जावं म्हणून.”

“लोकाचं लक्ष गेलं व पोरी, घाबरले बी. आता कोणत्या पाइपाले घाबराचं, हे कुठी लिव्हलं?”

मला राग आला. मी म्हटलं, “तुम्ही कंपनीच्या ना?”

“कंपनीची सेफ्टी ऑफिसर हावो. पगार कंपनीचा घेतो. म्हून पाइप कोणता हे मले माईत हाय अन् तुले नाई.”

एवढं बोलून त्यांनी पत्रक परत दिलं. तिन्ही उद्गारचिन्हं गेली होती. ‘मृत्यूचा कारखाना’ यातला ‘मृत्यू’सुद्धा गेला होता. त्या जागी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘टाकीपासून प्लांटपर्यंतचा वरचा पाइप. दोन्हीकडून बंद. मधे तोंड नाही.’

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. वर्षभरानं कळलं. आता ते डोक्यातून जात नाही.

मॅडम मूळच्या वलगावच्या. घरी फुलं आणि भाजीपाला. त्यांचे भाऊ दिगंबर अजून झेंडू लावतात. मॅडम लहानपणी पहाटे अमरावतीच्या बाजारात फुलांच्या टोपलीशेजारी बसून अभ्यास करायच्या, असं त्या सांगत. पण गोड आठवण म्हणून नाही, तर ‘म्हून माहे डोये गेले’ असं चष्म्याचं कारण म्हणून. इंजिनिअरिंग केलं, पॉलिटेक्निकात काही वर्षं शिकवलं, मग कारखान्यात आल्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणत, “विचारणारे भेटले, पण हेल्मेट घालून कोणी आलं नाई.”

त्यांची एक सवय साऱ्या कारखान्याला पाठ होती. कुठल्याही पाइपाजवळून जाताना त्या हाताची पालथी बाजू त्याला टेकवायच्या. आईनं पोराचं कपाळ पाहावं तशी. चहाच्या टपरीवर किटलीलाही तसंच. एसटीत बसायच्या तर संकटकाळच्या खिडकीशीच, आणि बसण्याआधी तिचा लाल दांडा हलतो की नाही हे ओढून बघायच्या. एकदा तो ओढताना खिडकीच अर्धी उघडली आणि कंडक्टरनं सगळ्या गाडीसमोर त्यांची खरडपट्टी काढली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “उघडते ना? बस, एवढंच पाह्याचं होतं.”

दुसऱ्याच्या घरी गेल्या की पहिलं पाऊल स्वयंपाकघरात. मी त्यांना एकदा आमच्या हिवरखेडला नेलं. आईनं पाटवडी केली होती. मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही, ओट्यावरचा कुकर उचलला, झाकण उजेडाकडे धरलं आणि शिट्टीच्या भोकातून आमच्या आईकडे पाहिलं. मग झाकणावरच्या सेफ्टीच्या बटणाला बोट लावलं. तिथं बटण नव्हतंच. वाळून दगड झालेली कणिक होती.

“हे काय हो, माय?”

“तिथून वाफ जाये ना वाया,” आई म्हणाली. “गॅस किती लागते मंग!”

“जाऊ द्या वाफ वाया. छप्पर राहू द्या.”

आई दुखावली. पाहुणी येते, बसत नाही आणि कुकरात खोट काढते म्हणजे काय. पण मॅडमच्या पर्समध्ये नवीन बटण होतं. ती पर्स म्हणजे बायकांची पर्स नव्हतीच. पाना, पेन्सिली, सुतळी, चष्म्याची काडी जोडायचा तांब्याचा तुकडा. त्यांनी कणिक खरवडून बटण बसवलं आणि मगच पाटवडी खाल्ली, तीही मागून मागून. आई अजून त्यांना ‘थे कुकरवाली’ म्हणते. आता आवाज खाली करून म्हणते.

मॅडमचा कारखान्यातला सगळा झगडा या कुकरासारखाच होता. हेक्झेनची टाकी जमिनीत, प्लांट पलीकडे, आणि मधून उंचावरून जाणारा पाइप. काम संपलं की पाइपाची दोन्ही टोकं बंद करून लोक घरी जात. आत हेक्झेन गच्च भरलेलं. नुसतं ऊन लागलं तरी ते फुगतं. आग लागली तर उकळतं, आणि उकळलं तर त्याला जागा पाहिजे. जागा नसली तर ते पाइप फाडून ती करून घेतं. वरून आगीनं लोखंडही मऊ झालेलं असतं. एवढीच गोष्ट. शाळेतल्या पोराला कळेल. आणि त्या पाइपाखाली, अगदी खाली, सरकीचा ढीग असलेली शेड. ओलसर सरकी ढिगात आतून तापत जाते, वरून काही दिसत नाही, हे अकोल्यात कोणाला नव्यानं सांगावं लागत नाही.

मॅडमचं म्हणणं होतं: शेड हलवा. नाही जमत? मग बंद करण्याआधी पाइपातलं हेक्झेन टाकीत परत सोडून पाइप रिकामा करा. तेही नाही जमत? मग निदान पाइपाला सेफ्टी व्हॉल्व्ह लावा. दाब चढला की आपोआप उघडेल आणि आतला माल टाकीकडे परत जाईल.

“हा शेवटला उपाय हाय,” त्या मला म्हणायच्या. “मोठ्या आगीत नुस्त्या व्हॉल्व्हच्या भरवशावर बसू नये. पण तोंडच नसल्यापेक्षा तोंड असलेलं बरं. पळाले जरा वेळ भेटते.”

मॅनेजरांनी प्रत्येक बैठकीत एकच उत्तर दिलं. “मॅडम, पाइप लोखंडाचा आहे. पत्रावळीचा नाही.”

मग आली भरीत पार्टी. हिवाळ्यात आमच्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवून वांगी भाजतात, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगणं म्हणजे पाणी ओलं असतं हे सांगणं. कारखान्याच्या लोकांची पार्टी दरवर्षी बाळापूर रस्त्याला एका वावरात व्हायची. त्या वर्षी मॅडमनी मलाही नेलं होतं, आणि मॅनेजर पांढरा शर्ट घालून आले होते. बायका वांग्यांना टोच्या मारत होत्या, म्हणजे सुरीनं चिरा पाडत होत्या, नाहीतर वांगं आगीत फुटतं. मॅडमनी ढिगातलं सगळ्यात गुबगुबीत वांगं निवडलं, त्याला टोच न मारताच पऱ्हाट्यांत सरकवलं आणि मॅनेजरांना म्हणाल्या, “साहेब, इकडं या, शेक घ्या.”

साहेब शेक घ्यायला आले. थोड्या वेळानं ‘फट्ट’ असा आवाज झाला आणि पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत वांगं पसरलं. कोणाला काही सुचेना. हसावं की रुमाल द्यावा? तेवढ्यात प्लांटवरचा ऑपरेटर वसंता, हडकुळा माणूस, पेन्सिलीनं काढल्यासारखी मिशी, मागून म्हणाला, “साहेब, थो पत्रावळीचा नव्हता. वांग्याचा होता.”

एवढं हसलेले लोक मी कुठल्याही सभेत पाहिले नाहीत. मॅनेजरही हसले, हे लिहिलं पाहिजे. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या फुटलेल्या वांग्याची साल काडीनं उलटीपालटी करून चीर कुठून सुरू झाली ते बघत होत्या.

उन्हाळ्याच्या तोंडी व्हॉल्व्ह बसला. वांग्यामुळे बसला असं कामगार म्हणतात. विमा कंपनीच्या माणसानंही बोट दाखवलं होतं, ते मला नंतर कळलं. काही असो, बसला. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं ‘टोच’, आणि मॅडमचं, अर्थात पाठीमागं, ‘वांगे मॅडम’. त्यांना ते माहीत होतं. आवडायचंही.

टोचेच्या खाली पाइपावर एक कॉक होता. टोच तपासणीला काढायची तर खालून रस्ता बंद करता यावा म्हणून. कॉकाला हातभर दांडा. दांडा पाइपाच्या रांगेत असला की रस्ता मोकळा. आडवा असला की बंद, आणि मग वरची टोच असून नसल्यासारखी. म्हणून मॅडमनी दांड्याला साखळी आणि कुलूप मागितलं. “पुढच्या खरेदीत बघू,” मॅनेजर म्हणाले. पुढची खरेदी झाली, त्यात मॅनेजरांच्या केबिनला पडदे आले. मॅडमनी परत मागितलं, परत तेच उत्तर. शेवटी त्यांनी स्वतः शिडीवर चढून दांडा बारीक तारेनं रांगेत बांधून टाकला. ते कुलूप कधीच आलं नाही. माझ्या पत्रकाची पहिली ओळ ही असती.

आता दसऱ्याची गोष्ट.

खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. आधी कारखाना बंद ठेवून सगळं रंगवतात, मग हार, नारळ, आणि प्रत्येक यंत्रापुढे दिवा. हेक्झेनच्या प्लांटमध्ये दिवा! मॅडम आल्यापासून यावर भांडत होत्या. शेठ तयार होते, पण शेठच्या आई तयार नव्हत्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून दिवा होता. शेवटी मॅडम त्या म्हातारीच्या घरी गेल्या. मी बरोबर होते, बाहेर चपलांशी थांबले होते, दार उघडं होतं.

“दिवा नाही, तर पूजा कसली?” म्हातारी म्हणाली.

“दिवा फाटकावर लावा, आजी. मोठा लावा, समई लावा. आत फक्त फुलं. फुलं मी देतो, आमच्या वावरातली. एवढे हार देतो का पाइप दिसाचा नाई.”

“तुमच्या घरची?”

“माहा भाऊ पाठवीन. पैसे घेनार नाई.”

म्हातारी मग म्हणाली, “झेंडू केशरी पाहिजे. पिवळा नको.”

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. टोच बसली तेव्हाही तो तसा नव्हता. सायकलरिक्षात बसल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “इतके वर्स झाले, जिंकली मी पोरी आज.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मॅडम फुलं आणायला वलगावला गेल्या. त्याच दिवशी ठेकेदाराचा रंगारी त्या पाइपावर निळा रंग देत होता. कामगार सगळे सुट्टीवर. दांडा पाइपाच्या रांगेत असल्यामुळे त्याच्या मागं ब्रश जाईना. रंगाऱ्यानं तार तोडली, दांडा आडवा केला, मागं नीट रंग दिला, दांड्यालाही दिला, आणि तसाच वाळायला सोडून शिडी उचलली. त्यानं काही वाईट केलं नाही. स्वच्छ काम केलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हा दांडा म्हणजे काय आहे.

दसऱ्याच्या सकाळी दिगंबरभाऊंचा टेम्पो आला. पोरांनी हार चढवले. सगळ्यात जाड हार टोचेला, कारण ती मॅडमची. तो दांड्यावरून खाली लोंबत होता.

गणोरकरांच्या घरात एक शिस्त आहे. वाहिलेलं फूल हलवायचं नाही. सुकून आपोआप पडलं तर पडू द्यायचं. फुलं विकणाऱ्या घरात असा नियम का, मला माहीत नाही. कदाचित विकलेलं आणि वाहिलेलं वेगळं राहावं म्हणून असेल. कारखान्यातही तसंच होतं, दसऱ्याचा हार दिवाळीपर्यंत राहायचा. मॅडम रोज फेरी मारत होत्या. रोज त्या पाइपाला हाताची पालथी बाजू लावत होत्या. हार वर तसाच होता, केशरी, मग तपकिरी.

आग दिवाळीच्या आधी लागली, सुट्टीच्या दिवशी, भरदुपारी. मी मॅडमच्या खोलीवर होते, पुढच्या पत्रकाची खाडाखोड चालली होती. फोन आला: सरकीची शेड पेटली. आम्ही ऑटोत बसलो. वाटेत परत फोन वाजला. वसंता होता. त्याची त्या दिवशी पाळी होती, पाइपाची दोन्ही टोकं बंदच होती आणि सोबत एक चौकीदार. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“मॅडम, पाइपावर पाणी मारून राह्यलो. आग लय वर चढली. बंब अजून आला नाई. थांबू का निघू?”

मॅडमनीच सगळ्यांना शिकवलं होतं: ढीग विझवायचं काम बंबाचं, तुम्ही पाइप थंड ठेवा.

त्या म्हणाल्या, “टोच हाय वसंता. उघडी हाय. दूर उभा राय अन् पाणी मारत राय. मी आलीच.”

“बरं,” वसंता म्हणाला.

आम्ही पुलावर होतो तेव्हा आवाज झाला. ऑटोवाल्यानं ब्रेक मारला. मॅडमनी फोन कानालाच धरला होता, बंद झालेला.

चौकीदार वाचला. वसंता गेला. त्या दिवसाबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. फाटकावर वसंताची बायको मंदा आली तेव्हा ती एकच गोष्ट परत परत विचारत होती. “चौकीदार पळाला ना? मंग हे काहून नाई पळाले? हे काहून नाई पळाले?” उत्तर माहीत असलेल्या दोघीजणी तिथंच उभ्या होत्या.

कंपनीचं उत्तर मात्र दोन दिवसांत तयार झालं. टोचेखालचा दांडा आडवा सापडला. तो वसंतानं बंद केला होता. का केला, तो गेला, त्यालाच माहीत. आणि पळायचं सोडून तो हिरोगिरी करत राहिला. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही टाकता येतं. त्याला नोटीस पाठवावी लागत नाही.

मॅडम जळालेल्या जागी गेल्या, शिडी लावून वर चढल्या. टोचेचा भाग उडून बाजूच्या छपरावर पडल्यामुळे कमी भाजला होता. खाली उतरल्या तेव्हा हात काळे होते. मला म्हणाल्या, “दांड्याच्या मांगं रंग हाय. सारखा, साफ. दांडा सरळ असता तर तिथं ब्रश गेलाच नसता. अन् कॉकाच्या सांध्यावरचा रंगाचा पापुद्रा फुटला नाई. रंग वाळल्यापासून कोणीच थो दांडा फिरवला नाई. रंगाच्या दिवशी वसंता सुट्टीवर होता.”

मी ओरडलेच असेन. “सुटला वसंता! मॅडम, हे सांगितलं की—”

“हे सांगितलं का मी रोज काय पाहून राह्यली होती, थेही सांगा लागते.”

मला तोपर्यंत वसंता सुटला एवढंच दिसलं होतं. ज्या पापुद्र्यानं वसंता सुटतो, त्याच पापुद्र्यानं रोजची फेरी मारणारी सेफ्टी ऑफिसर अडकते. मॅनेजरांनाही ते दिसलं होतं. ते संध्याकाळी मॅडमच्या खोलीवर आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही काही खोटं बोलू नका. फक्त रंगाचं कोणी विचारलं नाही तर सांगू नका. तुमची नोकरी राहते, कंपनी तुमच्या मागं उभी राहते.” मॅडमनी त्यांना चहा दिला. किटलीला हात लावून पाहिला, आणि दिला.

मॅनेजर गेल्यावर मी म्हटलं, “रंगाचं सांगा. कुलपाचं सांगा. पण फोनचं सांगू नका. त्यानं वसंताचं काही भलं होत नाही. शेठचा वकील तेवढंच धरेल आणि कुलूप बाजूला पडेल.” मला अजूनही वाटतं मी बरोबर होते. झालंही तसंच.

मॅडम म्हणाल्या, “थे विचारून राह्यली ना, काहून नाई पळाला म्हून?”

“कोण?”

“मंदा.”

चौकशी अमरावतीला झाली. एका सरकारी इमारतीतली खोली, पंखा आवाज करणारा, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एका खुर्चीत मंदा, तिच्या शेजारी तिचा अचलपूरचा भाऊ. मॅडम हेल्मेट घेऊन आल्या होत्या. ते मांडीवर पालथं ठेवून बसल्या. त्यांनी रंगाचं सांगितलं. कुलूप मागितल्याचं सांगितलं. चौकशी करणाऱ्या सरकारी साहेबांनी विचारलं, “म्हणजे दसऱ्यापासून आगीपर्यंत तुम्ही रोज पाहणी केली, आणि दांडा आडवा आहे हे तुम्हाला दिसलं नाही?”

“नाही.”

“का?”

“त्याच्यावर हार होता.”

“हार बाजूला करता आला नसता?”

“आला असता. आमच्या घरी वाहिलेलं फूल हलवत नाहीत. मी हार पाहत होते, दांडा नाही. शिवाय हार माझ्या भावाच्या वावरातले होते. मला ते बघायला बरं वाटायचं.”

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. मी मनात म्हणत होते, बस, आता थांबा, झालं. मॅडम थांबल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला, आणि साहेबांकडे न बघता मंदाकडे वळून सांगितलं.

“वसंतानं मले फोन केला होता. थांबू का निघू म्हून विचारलं. मी म्हटलं टोच उघडी हाय, थांब. म्हून थो थांबला.”

मंदा मग म्हणाली, “मंग थो तुमच्या बोलण्यावर थांबला.”

“हो.”

“घरी रोज तुमचंच नाव काढे. मॅडम असं म्हनते, मॅडम तसं म्हनते.” ती उठली, पदर सारखा केला. “हारही तुमच्याच घरचे होते ना?”

“हो.”

मंदा भावाबरोबर निघून गेली. मॅडमनी तिथंच सही केली. पेन मागितलं नाही, अंबाड्यातली पेन्सिल काढली, मग साहेब म्हणाले पेनानं करा, तेव्हा पेन घेतलं.

वसंताचं नाव दोषातून निघालं. मॅडमची नोकरी गेली, त्यांच्यावर खटला आहे. मॅनेजरांची बदली झाली. शेठनं शेड पुन्हा बांधली. त्याच जागी. मी मोठं पत्रक काढलं, त्यात मॅडमना ‘निष्पाप’ लिहिलं आणि त्यांना दाखवायला वलगावला गेले. त्या भावाच्या ओसरीवर बसल्या होत्या. समोर वावर होतं. झेंडू लावला होता, पण त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. पत्रक वाचलं. उद्गारचिन्ह एकच होतं, तेही राहू दिलं. फक्त तो एक शब्द खोडला.

“याच्या जागी काय लिहू?” मी चिडून विचारलं.

“काई नको. जागा सोड.”

पत्रक तसंच निघालं, मधे एक रिकामी जागा ठेवून. लोकांना वाटलं छापखान्याची चूक.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दसऱ्याचा दिवस, अमरावतीचा एसटी स्टँड. मी अकोल्याच्या गाडीत चढून बसले होते. शेजारच्या फलाटावर अचलपूरची गाडी लागली. मंदा आता माहेरी अचलपूरला असते. मॅडम तिकडे जातात, मंदा पाणी देते, बोलत नाही, थोडा वेळ बसून त्या परत येतात, असं तिच्या भावानं मला सांगितलं होतं. गाडीला ड्रायव्हरनं हौसेनं झेंडू लावला होता, पुढं काचेला, आत दांड्यांना. मॅडम हातात कापडी पिशवी घेऊन चढल्या. माझी खिडकी त्यांच्या खिडकीच्या अगदी समोर होती. त्यांनी मला पाहिलं नाही.

त्या नेहमीच्या जागी गेल्या. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ या अक्षरांवरून एक जाड हार सोडलेला होता, लाल दांड्याला गुंडाळून. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मागचे प्रवासी खोळंबले. कोणीतरी म्हणालं, “सरका ना बाई.” त्या सरकल्या नाहीत. मग पिशवी सीटवर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी हार उचलला.

“ओ बाई!” कंडक्टर दारातून ओरडला. “पूजेचा हार हाय थो. काहून काढता?”

मॅडमनी हार हळूच पुढच्या सीटच्या दांडीवर ठेवला, लाल दांडा ओढून पाहिला, तो हलला. मग त्या खाली बसल्या, आणि गाडी सुटून स्टँडच्या बाहेर वळेपर्यंत त्यांचा हात त्या दांड्यावरच होता.